कायदा कुणाचा, अंमल कुणाचा?

मागच्या अंकात गोव्यातील दिवाणी कायद्यासंबंधी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे चालू वादांचा निकाल मागणारी होती. ती बाजूला ठेवली आहेत, कारण कागदपत्रे न पाहता कुणाच्या वाटणीबद्दल मत देणे वकिलालाही शोभत नाही आणि सदरलेखकाला तर मुळीच नाही. उरलेल्या पत्रांपैकी सहांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : घरात वाटणीचा विषय निघाला की वडील त्याला ‘पोर्तुगीज कायदा’ म्हणतात. एका व्याख्यानात मात्र वक्त्यांनी हा कायदा मुळात रोमन असल्याचे सांगितले. खरे काय? आणि पोर्तुगीज १९६१ साली गेले असतील, तर त्यांचा कायदा आमच्यावर कोणत्या अधिकाराने चालतो?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. कायद्याचा मजकूर कुठून आला हा वंशावळीचा प्रश्न आहे, तर तो कुणाच्या जोरावर लागू होतो हा सत्तेचा प्रश्न आहे.

वंशावळ आधी पाहू. इसवी सनापूर्वी ४५१-४५० च्या सुमारास रोममध्ये सामान्य जनांच्या मागणीवरून बारा पट्टांवर कायदा लिहिला गेला. तोवर कायदा जाणणे ही उच्च कुळांची मिरास होती. पुढे ‘प्रेटर’ नावाचा न्यायाधिकारी दरवर्षी आपण कोणत्या तक्रारींची दाद घेऊ हे जाहीर करू लागला, आणि त्याच्या जाहीरनाम्याभोवती विधिज्ञांनी टीकाग्रंथांचे रान माजवले. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट जस्टिनियन याने ट्रिबोनियन नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ते सारे चाळून घेतले, आणि ५२९ ते ५३४ या काळात संहिता, पन्नास खंडांचे ‘डायजेस्ट’ आणि विद्यार्थ्यांसाठी ‘इन्स्टिट्यूट्स’ असे ग्रंथ तयार झाले. बाराव्या शतकात इटलीतील बोलोन्यात त्यांचे अध्यापन जोमाने सुरू झाले आणि तिथे शिकलेले पंडित युरोपभरच्या राजांच्या पदरी गेले. पोर्तुगालात १४४६, १५२१ आणि १६०३ अशा तीन राजसंहिता झाल्या. त्या जिथे गप्प असत तिथे रोमन कायद्याचा आधार घेतला जाई. १७६९ साली मार्क्विस पोंबालच्या राजवटीत मात्र असे ठरले की रोमन वचन केवळ रोमन आहे म्हणून चालणार नाही, ते सद्बुद्धीला पटले पाहिजे. नेपोलियनची संहिता १८०४ साली आली आणि प्रत्येक राष्ट्राला आपली एक संहिता असावी असे वाटू लागले. पोर्तुगालची संहिता सियाब्रा या न्यायशास्त्र्याने रचली. ती १८६७ साली मंजूर झाली, १८६९ च्या फर्मानाने सागरपारच्या प्रांतांना लागू करण्यात आली आणि १ जुलै १८७० पासून गोव्यात अमलात आली. तेव्हा आपले वडीलही चूक नाहीत आणि व्याख्यातेही नाहीत.

आता सत्तेचा प्रश्न. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली, त्याबरोबर तिच्या कायद्यामागचे तिचे बळही संपले. संसदेने १९६२ साली गोवा, दमण व दीव प्रशासन अधिनियम केला आणि त्याच्या पाचव्या कलमाने असे ठरवले की येथे चालू असलेले कायदे सक्षम विधिमंडळ किंवा प्राधिकारी ते रद्द करीपर्यंत अथवा बदलीपर्यंत चालू राहतील. म्हणजे त्या संहितेला आज बळ आहे ते लिस्बनचे नसून दिल्लीचे आहे. खुद्द पोर्तुगालने १९६६ साली नवी संहिता केली आणि जुनी मोडीत काढली. त्यामुळे तेथील विद्यार्थ्याला हा मजकूर कायद्याच्या इतिहासात भेटतो, आणि आपल्याला सब-रजिस्ट्रारच्या टेबलावर. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा मूळचा परका असला तरी संसदेने स्वीकारल्यामुळे भारतीय कायदा झाला आहे असे म्हटले, आणि गोमंतकीयाच्या मुंबईतील मालमत्तेलाही तोच लागू केला.

ही युक्ती संसदेने प्रथम केलेली नाही. ‘डायजेस्ट’मधली वचने ज्या विधिज्ञांची आहेत त्यांतले बहुतेक जस्टिनियनच्या तीनशे वर्षे आधी वारले होते. तरीही संकलनाचा आदेश देताना सम्राटाने म्हटले की या सर्वांना अधिकार आमच्याकडून मिळणार आहे, म्हणून ते सारे आम्ही न्याय्यपणे आमचेच करून घेतो. या वाक्यातला अहंकार सोडला तर १९६२ च्या पाचव्या कलमाचा आशय तोच आहे.

प्रश्न : ‘राजाला रुचेल तोच कायदा’ असे रोमन लोक मानत, असे आमच्या पाठ्यपुस्तकात आहे. अशा विचारातून नागरिकांचे हक्क कसे निर्माण झाले?
— कायद्याची विद्यार्थिनी, सांखळी

उत्तर : हे वचन उल्पियन या विधिज्ञाचे आहे, पण पाठ्यपुस्तकाने ते अर्धेच दिलेले दिसते. उरलेल्या अर्ध्या भागात त्याचे कारण आहे: सम्राटाच्या इच्छेला कायद्याचे बळ येते, कारण लोकांनी आपली सारी सत्ता एका कायद्याने त्याला दिलेली असते. हे लोकांचे देणे व्यवहारात नाममात्र होते, हे मान्य. तरी कागद करावा लागे. इसवी सन ६९ च्या अखेरीस व्हेस्पेसियन सम्राट झाला, तेव्हा त्याला दिलेल्या अधिकारांचा ताम्रपट म्हणावा असा कांस्यपट आजही रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे. त्यात ऑगस्टस, टायबेरियस आणि क्लॉडियस ज्या ज्या कायद्यांतून मुक्त होते त्यांतून व्हेस्पेसियनही मुक्त राहील, असे कलम आहे. विचार करा: सूट द्यायला पूर्वाधार दाखवावा लागतो, याचा अर्थ सूट नसलेले कायदेही होते. पुढे ४२९ साली दोन सम्राटांनी एकत्र काढलेल्या आदेशात तर, राज्यकर्त्याने स्वतःला कायद्याने बांधलेला म्हणवून घेणे हे त्याच्या पदाला साजेसे आहे आणि आमचा अधिकार कायद्याच्याच अधिकारावर अवलंबून आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. मध्ययुगातल्या पंडितांना दोन्ही वचने जस्टिनियनच्याच ग्रंथसंग्रहात सापडली. राजाचे वकील पहिले वचन उद्धृत करत आणि राजाशी भांडणारे दुसरे.

मात्र रोमनांचा खरा वारसा खासगी कायद्यात आहे, राज्यसत्तेला आवर घालण्यात नाही. सार्वजनिक कायदा रोमच्या राज्यव्यवस्थेकडे पाहतो आणि खासगी कायदा व्यक्तींच्या हिताकडे, ही विभागणी त्याच उल्पियनची आहे, आणि त्याच्या समकालीनांनी प्रतिभा खर्च केली ती दुसऱ्या भागावर. त्याचा परिणाम दूरवर गेला. फ्रान्समध्ये १८७१ साली बोर्दो येथील सरकारी तंबाखू कारखान्याच्या गाडीखाली पाच वर्षांची मुलगी सापडली असता तिच्या वडिलांनी नागरी संहितेनुसार भरपाई मागितली. १८७३ साली निर्णय झाला की राज्याची जबाबदारी व्यक्तीव्यक्तींमधल्या नियमांनी ठरत नाही, तो विषय प्रशासकीय न्यायाधिकरणाचा आहे. पोर्तुगालनेही १८३२ पासून प्रशासन याच फ्रेंच वळणावर बसवले होते, आणि मुक्तीपूर्व गोव्यात आदमिनिस्त्रादोरच्या, म्हणजे तालुक्याच्या प्रशासकाच्या, हुकुमाविरुद्ध जाण्याची वाट शेजाऱ्याविरुद्ध जाण्याच्या वाटेहून वेगळी होती.

मुक्तीनंतर जो खरा बदल झाला तो इथे. राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाने इंग्लंडच्या परंपरेतले आज्ञालेख (रिट) आले, आणि जे उच्च न्यायालय भावाभावांतले अपील ऐकते तेच मामलेदाराचा हुकूमही रद्द करू शकते. तेव्हा गोमंतकीय माणसाचे घर रोमच्या कायद्यावर उभे आहे आणि त्याचे सरकारशी नाते इंग्रजी-भारतीय कायद्यावर. परीक्षेत हे असेच लिहिले तर परीक्षक किती गुण देतील याची हमी मी देत नाही.

प्रश्न : वडिलांनी सर्व मालमत्ता धाकट्या भावाच्या नावे मृत्युपत्राने करण्याचे ठरवले आहे. ते असे करू शकतात का? आईचा अर्धा वाटा आणि मुलींचा हक्क हे दोन्ही रोमन कायद्याने दिले असे म्हणतात, ते खरे आहे का?
— एक वाचक भगिनी, मडगाव

उत्तर : ताई, पहिल्या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘अर्धे खरे’ असे आहे, आणि ते अर्धे कोणते हे समजले तर पहिले उत्तरही नीट समजेल.

लग्नापूर्वी नोंदणीकृत करार केला नसेल, तर गोव्याच्या कायद्याने पती-पत्नीची मालमत्ता लग्नाबरोबर एक होते आणि दोघेही तिच्या निम्म्या-निम्म्या हिश्शाचे धनी होतात. म्हणून तर विक्रीखतावर दोघांच्याही सह्या लागतात, जमीन कुणाच्या बापजाद्यांची का असेना. हा नियम रोमन नाही. रोममध्ये नवरा-बायकोच्या मालमत्ता वेगळ्या असत आणि वधूपित्याने दिलेले ‘दोस’ म्हणजे स्त्रीधनासारखे एक धन तेवढे नवऱ्याच्या ताब्यात जाई. संपूर्ण सामाईकीचा नियम पोर्तुगालच्या स्थानिक रूढीतून वर आला आणि सोळाव्या शतकातल्या राजसंहितेने तो सर्वसाधारण ठरवला. सांगायची गंमत अशी की लग्नापूर्वीच्या करारात निवडता येणाऱ्या पर्यायांत संहितेने रोमन पद्धतीची ‘दोत’व्यवस्थाही ठेवली होती. करार एकदा झाला आणि लग्न लागले की तो बदलता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. तेव्हा वडील ज्याची व्यवस्था लावू शकतात ती मुळात त्यांच्या निम्म्याचीच, आईचे निम्मे त्यांच्या हातातले नव्हे.

आता रोमन भाग. वडिलांच्या त्या निम्म्यातलाही अर्धा भाग ‘लेजितिमा’ म्हणून मुलांसाठी राखीव असतो. तो मुलगे आणि मुली यांना समान मिळतो आणि मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. याचे बीज शुद्ध रोमन आहे. जुन्या रोमन कुटुंबप्रमुखाला वाटेल तसे मृत्युपत्र करता येई. पण गणराज्याच्या शेवटच्या काळात, मुलांना कारणाशिवाय डावलणाऱ्या मृत्युपत्राला ‘कर्तव्यभ्रष्ट’ म्हणून आव्हान देण्याची पद्धत रूढ झाली. बापाला थेट दोषी म्हणणे बरे दिसत नसल्यामुळे, असे मृत्युपत्र करताना त्याची बुद्धी ठिकाणावर नसावी, अशी सभ्य सबब वकील पुढे करत. आमच्या कोर्टांत आजही ही सबब ऐकू येते, तेवढ्या सभ्यपणे नाही इतकेच. मुलांना कायदेशीर हिश्शाच्या निदान चौथाईएवढे मिळाले तर आव्हान टिकत नसे. जस्टिनियनने ५३६ साली राखीव भाग वाढवला: चारपर्यंत मुले असतील तर इस्टेटीचा तिसरा हिस्सा, त्याहून अधिक असतील तर निम्मा. ५४२ साली त्याने मुलाला वारसाहक्कातून वगळण्याची चौदा कारणे मोजून दिली आणि त्यांपलीकडचे कारण चालणार नाही असे ठरवले. आपल्याकडेही वारसाला वगळायचे तर कारण कायद्यात सांगितलेले असावे लागते आणि मृत्युपत्रात ते नमूद करावे लागते. ‘मुलगी लग्न होऊन गेली’ हे त्या यादीत नाही.

संहितेतला वारसाविषयक भाग आता गोवा विधानसभेने केलेल्या वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियमात गेला आहे. तो २०१२ चा म्हणून ओळखला जातो, पण प्रत्यक्षात डिसेंबर २०१६ मध्ये अमलात आला. राखीव हिश्शाचे तत्त्व त्याने कायम ठेवले आहे. आपल्या प्रकरणातला हिशेब असा मांडावा: एकूण मालमत्ता सोळा आणे धरली तर आईचे आठ, मुलांचे राखीव चार आणि वडिलांच्या मर्जीचे चार. धाकट्या भावाला ते चार आणे अधिक त्याचा राखीव हिस्सा देता येईल, त्याहून जास्त दिल्यास वारसांना इन्व्हेंटरीत, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याच्या कोर्टातील कार्यवाहीत, ते कमी करून मागता येईल. मात्र वडिलांनी हयातीत केलेली बक्षीसपत्रेही हिशेबात धरली जातात, म्हणून वकिलाकडे जाताना ती घेऊन जावीत.

प्रश्न : आमचे घर कोमुनिदादीच्या (गावकरी संस्थेच्या) जमिनीवर आहे आणि आजोबांच्या काळापासून आम्ही वर्षाला ‘फोर’ भरतो. रक्कम नाममात्र आहे. आम्ही मालक की भाडेकरू?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : दोन्ही नाही, आणि हा गोंधळ पंधराशे वर्षांहून जुना आहे. आपण ज्याला ‘आफोरामेंत’ म्हणतो तो रोमन ‘एम्फिट्युसिस’. शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ लागवड करणे. पडीक जमीन दीर्घ मुदतीने किंवा कायमची लावून द्यायची, घेणाऱ्याने ती पिकवायची आणि ठरलेला वार्षिक खंड द्यायचा, अशी ही व्यवस्था होती. ही विक्री म्हणावी की भाडेपट्टा, यावर विधिज्ञ भांडत राहिले, तेव्हा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात सम्राट झेनोने ही दोन्हींहून वेगळी, स्वतंत्र जात आहे असे जाहीर केले. जस्टिनियनने भर घातली की तीन वर्षे खंड थकला तर हक्क जाईल, आणि हक्क विकायचा झाल्यास आधी मालकाला कळवावे. मालकाने स्वतः घेतला नाही तर किमतीचा पन्नासावा भाग घेऊन त्याने संमती द्यावी.

आपल्या गावकऱ्या मात्र रोमहून आलेल्या नाहीत. त्या पोर्तुगीजांच्या आधीच्या आहेत, आणि आफोंसु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ साली तिसवाडीतल्या गावकऱ्यांच्या रूढी लिहून काढल्या तेव्हा त्या जुन्याच होत्या. गावकरीची सामाईक जमीन आणि रोमन आफोरामेंत यांची गाठ पुढच्या राज्यकर्त्यांनी घातली. आपल्या हक्काची नेमकी व्याप्ती १९६१ च्या कोमुनिदाद संहितेवर आणि आजोबांच्या मूळ कागदावर ठरेल. तूर्त फोर थकू देऊ नये आणि पावत्या फेकू नयेत.

प्रश्न : गोव्याचा नागरी कायदा सर्वांना खरोखर समान आहे का?
— एक शिक्षक, काणकोण

उत्तर : पुष्कळसा आहे, पूर्ण नाही. १८८० च्या फर्मानाने हिंदूंच्या काही रूढी राखल्या, त्यांत पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल न झाल्यास पतीला दुसऱ्या विवाहाची मुभा देणारी तरतूद आहे. ती व्यवहारात वापरली जात नाही, पण कागदावर राहिली. कॅथलिकांच्या चर्चमधील विवाहासाठी १९४६ चे वेगळे फर्मान आहे. मुसलमानांना मात्र १९३७ चा शरियत कायदा येथे कधी लागू झालाच नाही. वारसा आणि मालमत्तेच्या बाबतीत समानता बरीच खरी आहे, विवाहाच्या बाबतीत तिला ठिगळे आहेत.

प्रश्न : आमच्या वाड्यावरून किनाऱ्याकडे जाणारी पायवाट एका नव्या बांधकामाने कुंपण घालून अडवली आहे. ते म्हणतात जमीन आमची. समुद्रकिनारा कुणाचा असतो?
— रांपणकार कुटुंबातील एक वाचक, पेडणे तालुका

उत्तर : या प्रश्नावर रोमन लोक आपल्या बाजूचे आहेत, आणि तेही अगदी किनाऱ्यावरून जाळी ओढणाऱ्या रांपणकाराच्या भाषेत. ५३३ सालच्या ‘इन्स्टिट्यूट्स’मध्ये हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्यामुळे समुद्राचा किनारा हे निसर्गतः सर्वांचे आहेत असे सांगून पुढे म्हटले आहे की कुणालाही तिथे आसऱ्यापुरती खोप उभारता येईल, जाळी वाळवता येतील आणि समुद्रातून ती ओढून घेता येतील. किनारा कुठवर, तर हिवाळ्यातली मोठ्यात मोठी लाट पोचेल तिथवर. समुद्रात मासेमारी करण्यास कुणी अटकाव केला तर ती त्या मच्छीमाराची मानहानी समजून दावा लावता येई. सार्वजनिक रस्त्यावर कुणी बांधकाम केले तर ते हटवण्याची आज्ञा प्रेटरकडे कोणताही नागरिक मागू शकत असे, त्याचे वैयक्तिक नुकसान झालेले असो वा नसो. आजच्या जनहित याचिकेला पूर्वज शोधायचा झाला तर मी इथे शोधीन.

पण ‘सर्वांचा’ म्हणजे नक्की कुणाचा, यावर रोमन विधिज्ञांतही एकमत नव्हते. सेल्सस म्हणतो, ज्या किनाऱ्यांवर रोमन जनतेची सत्ता आहे ते रोमन जनतेचे. हा फरक शब्दच्छल वाटेल, परंतु तो आजही जिवंत आहे. किनारा सरकारच्या मालकीचा असेल तर सरकार तो कुणालाही भाड्याने देईल. तो लोकांचा असून सरकार केवळ विश्वस्त असेल तर तसे देता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये हिमाचलातील बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात दुसरी भूमिका घेतली, आणि तसे करताना रोमन कायद्याचा उल्लेख केला. म्हणजे जो रोम पोर्तुगालमार्गे आपल्या घरात आला होता, तो दुसऱ्या दाराने, इंग्रजी आणि अमेरिकन न्यायालयांतून फिरून, आपल्या सार्वजनिक कायद्यातही शिरला. सांखळीच्या विद्यार्थिनीला वर दिलेल्या उत्तरात एवढी दुरुस्ती मला स्वतःच करावी लागते.

गोव्यापुरते बोलायचे तर दोना पावलजवळच्या वायंगिणी किनाऱ्याच्या प्रकरणात जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, हॉटेलसाठी संपादन करून दिलेल्या जमिनीतूनही किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट खुली ठेवण्याची अट पाळावीच लागेल असा निर्णय दिला. आपल्या प्रकरणात जमीन खासगी असली तरी दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतील. एक, बांधकाम भरतीरेषेपासून किती अंतरावर आहे. किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली तेव्हापासून मोजमाप भरतीरेषेपासून होते, आणि त्यासंबंधीची तक्रार गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे करायची असते. दुसरी, पायवाट. ती सर्वेक्षणाच्या नकाशात दाखवलेली आहे का हे आधी पाहावे. ‘एक-चौदा’च्या, म्हणजे जमिनीच्या सर्वेक्षण नोंदीच्या, उताऱ्यावर कुंपणवाल्याचे नाव असल्याने वाट आपोआप बुडत नाही, पण ती पिढ्यान्‌पिढ्या चालू होती हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येईल. वाड्यावरच्या वृद्धांचे जबाब, होड्या आणि जाळी त्या वाटेने नेतानाची जुनी छायाचित्रे, ग्रामपंचायतीने वाटेची डागडुजी केली असल्यास त्याचे ठराव, हे सारे आत्ताच गोळा करावे, कारण पावसाळ्यानंतर कुंपणाच्या जागी भिंत उभी राहिलेली असेल.